गुडघा सुजला तरी डोळा तपासा

गुडघा सुजला तर हाडाचा डॉक्टर, डोळा लाल झाला तर डोळ्याचा डॉक्टर, असा आपला साधा हिशेब. मोठ्या माणसाच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चालूनही जातो. लहान मुलाच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकू शकतो, आणि चुकला तर त्याची भरपाई पुढे होत नाही. लहान मुलांना होणारा संधिवात आणि त्याच्या सोबतीने गुपचूप येणारा डोळ्यातला दाह, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. कृषी पदविका घेऊन विस्ताराच्या कामात आलेला माणूस. राहणे दिंडोशीला, म्हणजे मालाड-गोरेगावच्या पूर्वेला, आरे दुग्ध वसाहतीच्या शेजारी. काम मात्र पालघर जिल्ह्यातल्या गावांत. गावात बैठक भाताच्या बियाण्याची असली तरी उठताना लोक घरच्या अडचणी सांगतात. अशाच एका बैठकीनंतर एका आईने विचारले, "साहेब, पोरीचा गुडघा सुजलाय नि डॉक्टर म्हणतात डोळे दाखवून आणा. गुडघ्याचा नि डोळ्याचा संबंध काय?" प्रश्न अगदी रास्त होता. तिला डॉक्टरने कागद दिला होता, पण कारण समजावले नव्हते. कारण समजले नाही की माणूस दिवसाची मजुरी बुडवून, गाडीभाडे खर्चून तालुक्याला जात नाही. डोळा तर चांगला दिसतोय, मग कशाला जायचे? शेतीच्या पानावर हा विषय घ्यावासा वाटला तो यासाठी.

मुलांनाही संधिवात होतो

संधिवात म्हणजे म्हातारपणाचे दुखणे, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती खरी नाही. लंडनच्या जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरने १८९७ मध्येच २२ मुलांची उदाहरणे देऊन मुलांचा संधिवात हा वेगळा आजार असल्याचे मांडले. सोळा वर्षे पूर्ण होण्याआधी सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरे कारण न सापडलेली सांध्याची सूज, याला आज डॉक्टर लोक मुलांचा संधिवात म्हणतात. युरोप-अमेरिकेत साधारण हजार मुलांमागे एकाला तो असतो असे धरतात.

हा आजार थंड पाण्याने, आंबट खाण्याने किंवा नजर लागल्याने होत नाही. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी यंत्रणा असते, ती चुकून आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. राखणीला ठेवलेल्या कुत्र्याने घरच्याच वासराला धरावे, तसा प्रकार. अस्तर सुजते, सांध्यात पाणी धरते, आणि उपचार लांबला तर कूर्चा आणि हाड झिजू लागते.

लक्षणे ओळखायला फार शिकलेले असण्याची गरज नाही. मूल सकाळी उठल्यावर लंगडते आणि दुपारपर्यंत मोकळे चालते. मांडी घालून बसायला नको म्हणते. शौचाला उकिडवे बसताना भिंत धरते. एक गुडघा दुसऱ्यापेक्षा जाड दिसतो, हात लावला तर कोमट लागतो. चालू लागलेले दोन वर्षांचे मूल पुन्हा 'कडेवर घे' म्हणून रडू लागते. विशेष म्हणजे पुष्कळ मुले दुखते असे सांगतच नाहीत. सूज असते, आखडलेपण असते, पण रड नसते. त्यामुळे घरचे म्हणतात, पडला असेल, लचक भरली असेल, वाढीचे दुखणे असेल. निर्गुडीचा पाला बांधतात, हळदीचा लेप लावतात, हाडवैद्याकडून ओढून घेतात. लेपाने फारसे नुकसान नाही. पण सुजलेला सांधा ओढून-चोळून घेणे वाईट, आणि त्यात जे सहा महिने जातात ते त्याहून वाईट.

प्रत्येक सुजलेला सांधा संधिवाताचाच, असेही नव्हे. क्षयरोग सांध्यात बसतो. सांध्यात पू होतो, तेव्हा मूल तापाने फणफणते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. घसा दुखून गेल्यावर येणाऱ्या संधिज्वरात सूज या सांध्यावरून त्या सांध्यावर फिरते आणि हृदयाच्या झडपा धरते. क्वचित रक्ताच्या कर्करोगाची सुरुवातही हाडे-सांधे दुखण्याने होते. म्हणून निदान डॉक्टरने करायचे. आपण करायचे ते एवढेच, की सूज ओळखायची आणि दिवस मोजायचे.

डोळा कसा सापडतो?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. सांध्यावर उलटलेली हीच यंत्रणा काही मुलांमध्ये डोळ्यावरही उलटते. डोळ्याचा जो मधला थर आहे, ज्यात बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा येतो, त्याला सूज येते. डॉक्टरी भाषेत याला युव्हिआयटिस म्हणतात. संधिवात आणि या दाहाचे नाते ओम नावाच्या जर्मन डॉक्टरने १९१० मध्ये नोंदवले. म्हणजे ही माहिती शंभर वर्षांहून जुनी आहे. आपल्या पाड्यावर ती अजून पोचलेली नाही, इतकेच.

डोळ्याचा दाह म्हटला की आपल्या नजरेसमोर डोळे येण्याची साथ येते. लाल डोळा, चिपडे, पाणी, खुपणे. इथे यातले काहीच नसते. लहान वयाच्या, थोडेच सांधे सुजलेल्या मुलांत येणारा हा दाह बहुतेक वेळा मुका असतो. डोळा पांढराशुभ्र, मूल खेळते आहे, हसते आहे, पाटीवरची अक्षरे वाचते आहे. आत मात्र बाहुलीच्या पुढे जे स्वच्छ पाणी असते त्यात दाहाच्या पेशी तरंगत असतात. त्या साध्या बॅटरीच्या उजेडात दिसत नाहीत. त्यासाठी स्लिट लॅम्प नावाचे यंत्र लागते. हनुवटी टेकवून बसायचे, डॉक्टर उजेडाची बारीक फट डोळ्यात सोडतो आणि भिंगातून पाहतो. दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात घरातली धूळ दिसते, तशा त्या पेशी दिसतात. सुई नाही, चिरफाड नाही.

दुभती जनावरे सांभाळणाऱ्यांना हे लगेच कळेल. आमच्या शेजारी आरेतले तबेले आहेत. म्हशीला कासदाह झाला आणि दूध फाटले, रक्त आले, सड सुजला, तर तो कुणालाही दिसतो. पण सुप्त कासदाहात कास नीट, दूधही पांढरे. चार खणांच्या तबकात चारही सडांचे दूध घेऊन त्यात चाचणीचे द्रावण टाकले, की बिघडलेल्या सडाचे दूध चिकट होते, तेव्हाच कळते. हुशार गवळी दूध फाटण्याची वाट पाहत नाही, ठरलेल्या दिवशी चाचणी करतो. मुलाच्या डोळ्याची तपासणी ही अशीच सुप्त दाहाची चाचणी आहे. आपल्या म्हशीसाठी जी शिस्त आपण मान्य केली, ती मुलीच्या डोळ्यासाठी मान्य करायला अडचण नसावी.

चाचणी न करता थांबले तर काय होते? दाहामुळे बाहुली मागच्या भिंगाला चिकटते आणि वेडीवाकडी होते. कोवळ्या वयात मोतीबिंदू येतो. डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो. बुबुळावर पांढरट पट्टा चढतो. पडद्याच्या मध्यभागी सूज येते. आईला बाहुलीत पांढरे दिसते किंवा शाळेतले गुरुजी सांगतात की पोरगी फळ्याजवळ जाऊन वाचते, तोवर बराच काळ गेलेला असतो. भातात पळींज दिसली म्हणजे खोडकिडा आत बसून किती दिवस झाले, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पळींज दिसल्यावर फवारणी करून त्या लोंबीत दाणा भरत नाही.

आणखी एक गोष्ट. सांधा आणि डोळा एकाच चालीने चालत नाहीत. गुडघा पूर्ण बरा झाला, मूल पळू लागले, तरी डोळ्यात दाह सुरू असू शकतो. काही मुलांत तर डोळा आधी बिघडतो आणि सांधा नंतर सुजतो. म्हणून 'आता पाय बरा आहे, डोळ्याला कशाला जायचे' हा विचार घातक आहे.

संशोधन काय सांगते

धोका सर्वांना सारखा नसतो. सातव्या वर्षाच्या आत आजार सुरू झालेली मुले, त्यातही मुली. चार किंवा त्याहून कमी सांधे धरलेली. आणि रक्ताची एएनए नावाची तपासणी होकारार्थी आलेली, यांना मुक्या दाहाचा धोका अधिक. आजाराची पहिली चार वर्षे विशेष जपायची. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये मार्गदर्शक नियम काढले. त्यानुसार जास्त धोक्याच्या मुलांचे डोळे दर तीन महिन्यांनी आणि बाकीच्यांचे सहा ते बारा महिन्यांनी तपासायचे, तक्रार असो वा नसो. रक्ताची तपासणी नकारार्थी आली म्हणून डोळ्याची तपासणी रद्द होत नाही, फक्त अंतर वाढते.

मोठ्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, एक वेगळा प्रकार असतो. त्यात टाच, कंबर, मांडीचे सांधे धरतात आणि डोळ्याचा दाह उघड येतो: डोळा लाल, दुखरा, उजेड सोसत नाही. असा डोळा आला तर दुकानातून थेंब आणून घालू नयेत. एक-दोन दिवसांत डोळ्याच्या डॉक्टरला दाखवावे आणि संधिवात आहे हे आवर्जून सांगावे.

उपचाराच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत मोठा फरक पडला आहे. पूर्वी स्टेरॉइडचे थेंब हाच मुख्य आधार होता. थेंब आजही लागतात, पण ते महिनोन् महिने घातले तर त्यांनीच मोतीबिंदू आणि काचबिंदू होऊ शकतो. म्हणून मेथोट्रेक्सेट हे औषध देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतू शकते, तेव्हा वार ठरवून तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. त्यानेही दाह हटला नाही तर अडालिमुमॅब नावाचे इंजेक्शन साधारण दोन आठवड्यांनी देतात. इंग्लंडमध्ये डॉ. ए. व्ही. रामनन आणि सहकाऱ्यांनी मेथोट्रेक्सेट घेऊनही दाह न हटलेल्या ९० मुलांवर त्याची चाचणी घेतली. निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. खरे इंजेक्शन मिळालेल्या ६० मुलांपैकी १६ जणांत उपचार निष्फळ ठरला. नुसत्या पाण्यासारखे इंजेक्शन मिळालेल्या ३० पैकी १८ जणांत निष्फळ ठरला. म्हणजे एका बाजूला २७ टक्के, दुसऱ्या बाजूला ६० टक्के. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर उपचारित आणि अनुपचारित वाफे शेजारी शेजारी ठेवतात, त्याच पद्धतीची ही परीक्षा. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.

मग दुसरा प्रश्न आला. डोळा वर्षभर शांत आहे, आता इंजेक्शन बंद केले तर? २०२५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे उत्तर आले. दाह आटोक्यात असलेल्या ८७ रुग्णांपैकी ४४ जणांचे औषध थांबवले, ४३ जणांचे सुरू ठेवले. थांबवलेल्यांपैकी ३० जणांचा आजार उलटला, सुरू ठेवलेल्यांपैकी फक्त ६ जणांचा. उलटलेल्यांचा दाह औषध पुन्हा सुरू केल्यावर आटोक्यात आला, हीही त्यातली दिलाशाची बाब. पण तो वेळेवर पकडला गेला याचे कारण त्यांचे डोळे ठरल्या तारखेला तपासले जात होते. आपल्याकडे 'बरे वाटले, औषध सोडले' ही सवय जुनी आहे. या आजारात औषध कमी करायचे ते डॉक्टरने, आणि कमी केल्यावर डोळ्याच्या तपासण्या अधिक दक्षतेने करायच्या, दोन महिन्यांच्या आत पहिली.

या इंजेक्शनचा देशी अवतार अहमदाबादच्या झायडस कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला. त्यामुळे किंमत मूळ परदेशी औषधाच्या मानाने बरीच उतरली, तरी ती शेतमजुराच्या आवाक्यात आली असे म्हणता येणार नाही. शिवाय हे औषध जनावरांच्या लसीसारखे थंड ठेवावे लागते, आणि ते सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावीच लागते, कारण दबलेला क्षय त्याने उसळू शकतो. सांगायचा मुद्दा असा की दाह लवकर सापडला तर पुष्कळदा थेंबांवर आणि स्वस्तातल्या गोळ्यांवर भागते. उशीर झाला की महाग औषध, शस्त्रक्रिया आणि तरीही अधू डोळा.

'आपल्याकडे हा रोग कमी' हे उत्तर नव्हे

इथे कोणी म्हणेल की हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे कमी. यात काही तथ्य आहे, ते लपवू नये. २०१९ मध्ये एक मोठी आंतरराष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. ४९ देशांतल्या ११८ केंद्रांवरची ९,०८१ मुले तीत होती. डोळ्याचा दाह युरोपातल्या मुलांत अधिक आढळला आणि आपल्या बाजूच्या देशांत कमी. आपल्या बाजूला टाच-कंबर धरणारा प्रकार जास्त. पण त्याच पाहणीत दुसरी गोष्टही दिसली, ती अधिक बोचणारी आहे. कमी उत्पन्नाच्या देशांतल्या मुलांत आजार अधिक भडकलेला आणि शरीराची हानी अधिक झालेली होती. म्हणजे रोग कुणाला होतो हे रक्तावर अवलंबून असेल, पण नुकसान किती होते हे पुष्कळसे उपचार मिळण्यावर ठरते.

शिवाय ही मोजणी दवाखान्यापर्यंत पोचलेल्या मुलांची असते. मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या पाड्यावरचे जे मूल कधी स्लिट लॅम्पसमोर बसलेच नाही, ते कुठल्या तक्त्यात येणार? आणि रोग कमी असेल तर तपासणीचा बोजाही कमीच. एका गावात असे एखादे मूल असेल, बहुतेक गावांत एकही नसेल. त्या एका मुलासाठी वर्षाला चार फेऱ्या, एवढाच खर्च आहे.

गावपातळीवर संधिवात मोजता येतो हे महाराष्ट्रानेच दाखवून दिलेले आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात भिगवण आहे. तिथे १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने चाललेल्या 'कॉपकॉर्ड' उपक्रमाखाली घरोघर पाहणी केली. गावातलेच प्रशिक्षित स्वयंसेवक दारोदार फिरले. ४,०९२ प्रौढांची विचारपूस झाली आणि सुमारे १८ टक्के लोकांना हाडा-सांध्याचे दुखणे आढळले. ही पाहणी प्रौढांच्या दुखण्याची होती. पण दुखणे ओळखणारे प्रश्न सोप्या मराठीत विचारता येतात, ते गावची माणसे विचारू शकतात, हे तिने सिद्ध केले. तीस वर्षांनंतर तीच पद्धत मुलांसाठी वापरायला हरकत काय?

अंतर किलोमीटरचे आणि माहितीचे

मुंबईत या विषयाचे जाणकार आहेत. डॉ. राजू खुबचंदानी यांनी आधी जसलोक रुग्णालयात आणि पुढे हाजीअलीच्या एसआरसीसी बालरुग्णालयात मुलांच्या संधिवाताचे काम उभे केले. परळला १९२९ पासून वाडिया बालरुग्णालय आहे, शेजारी केईएम आहे, भायखळ्याला जे. जे.चा नेत्रविभाग आहे. आमच्या दिंडोशीहून मालाड स्टेशन गाठले की तासा-दीड तासात परळ. तरीसुद्धा आमच्याकडे आरेच्या पाड्यांतली आणि चाळींतली पोरे 'वाढीचे दुखणे' म्हणून महिनोन् महिने लंगडताना दिसतात. यावरून कळते की अडचण नुसत्या अंतराची नाही. तासाभराच्या अंतरावर मोठे दवाखाने असूनही जी माहिती घरात पोचत नाही, ती जव्हारच्या घाटापलीकडे आपोआप कशी पोचेल?

शेतीत आपण हा धडा शिकलो आहोत. विद्यापीठात नवे वाण निघाले म्हणून ते शेतात पेरले जात नाही. मध्ये विस्तार लागतो: प्रात्यक्षिक, शिवारफेरी, बांधावरची चर्चा, वेळापत्रक छापलेला कागद. आरोग्यात संशोधन भरपूर आहे, डॉक्टरही काही ठिकाणी आहेत. कमी आहे तो हा मधला विस्तार. माझे ठाम मत असे की मुलांच्या संधिवातात डोळ्याची हानी टाळायची तर नव्या औषधाआधी नवे वेळापत्रक गावापर्यंत जायला हवे.

त्यासाठी नवी योजना काढण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरलाच झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करणारी ही पथके गावोगाव जातात. या कार्यक्रमाच्या मूळ राष्ट्रीय यादीत मुडदूस आहे, संधिज्वराने होणारा हृदयविकार आहे, नजर कमी असणे आहे. मुलांचा संधिवात नाही. नजरेची तपासणी तक्त्यावरची अक्षरे वाचून होते, आणि मुक्या दाहाचे मूल सुरुवातीला ती अक्षरे बिनचूक वाचते. तेव्हा यादीत एका प्रश्नाची भर घालावी: 'मूल सहा आठवड्यांहून जास्त लंगडते का, कुठला सांधा सुजलेला आहे का?' उत्तर 'हो' आले तर मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे, आणि संधिवात ठरला तर त्याच केसपेपरवर डोळ्याच्या तपासणीची तारीख पडावी.

आशाताईंवर आधीच रजिस्टरांचा ढीग आहे, हे मला माहीत आहे. त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादावे असे मी म्हणत नाही. लसीकरणाचे कार्ड घरोघर आहे. तशाच एका साध्या कार्डावर पुढच्या वर्षभराच्या चार तारखा लिहिल्या, तर ताईंना फक्त आठवण द्यायची राहील. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात. जिथे स्लिट लॅम्प आहे तिथे आठवड्याचा एक वार लहान मुलांसाठी ठरवून तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. जिथे यंत्र नाही किंवा बंद पडले आहे, तिथे ते मागण्याचा ठराव ग्रामसभेने करावा. पाण्याच्या मोटारीसाठी आपण ठराव करतो, तसाच.

प्रवासाच्या खर्चाचा प्रश्न खरा आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गाव आरोग्य समितीकडे अबंधित निधी असतो. हा पैसा अनेक ठिकाणी मार्चअखेर खुर्च्या, सतरंज्या आणि भांडी घेण्यात जातो. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी मनावर घेतले तर गावातल्या अशा एखाद्या मुलाचे वर्षाचे चार वेळचे गाडीभाडे त्यातून कसे बसवता येईल, हे गट विकास अधिकाऱ्यांना विचारून ठरवता येईल. नियमात बसत नाही असे उत्तर आले तर ते लेखी मागावे.

गुरुजींनीही एक करावे. संधिवात असलेले मूल पहिल्या तासाला आखडलेले असते, तेव्हा त्याला जमिनीवर मांडी घालून बसण्याची सक्ती करू नये. सकाळच्या कवायतीला ते मागे राहिले तर कामचुकार समजू नये. आणि दवाखान्याच्या तारखेची रजा मांडताना कुरकुर करू नये. यासाठी खर्च शून्य आहे.

घरच्यांसाठी थोडक्यात

मुलाचा सांधा सुजला असेल तर घरच्यांनी ध्यानात ठेवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. सूज दिसली की तारीख लिहून ठेवा. ताप असेल, मूल पाय टेकूच देत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना. साधी सूज असली तरी ती ओसरेना, तर सहा आठवडे भरण्याची वाट न पाहता डॉक्टरला दाखवा. संधिवात आहे असे कळले की पहिला प्रश्न हाच विचारा, 'डोळ्याची स्लिट लॅम्पवर तपासणी कधी, आणि पुढची कधी?' डोळा स्वच्छ दिसतो म्हणून तारीख चुकवू नका. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. थेंब किंवा इंजेक्शन आपल्या मनाने बंद करू नका, आणि सुरूही करू नका. कुठलीही लस देण्याआधी चालू औषधांचा कागद दाखवा. सगळे कागद एका पिशवीत ठेवा, कारण हाडाच्या डॉक्टरला डोळ्याचा आणि डोळ्याच्या डॉक्टरला हाडाचा कागद पाहावा लागतो.

त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे: गुडघा आणि डोळा वेगळे दिसले तरी त्यांना धरणारा रोग एकच आहे, गुडघ्याचे दुखणे दिसते, डोळ्याचे दिसत नाही. जे दिसत नाही ते शोधायला तारीख लागते. ती तारीख ठरवणे डॉक्टरांचे काम, पाळणे घरच्यांचे, आणि पाळता यावी अशी सोय करणे पंचायतीचे व आरोग्य खात्याचे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर रस्ता, गटार, पाणी यांच्या जोडीला हा एक विषय घालावा, अशी सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना विनंती आहे. गावात असे मूल आहे की नाही, एवढी चौकशी जरी त्या दिवशी झाली, तरी काम सुरू झाले असे म्हणता येईल.